ठराव पाळा, नाहीतर नावानिशी मागे घ्या

छत्तीसगढ विधानसभेच्या सर्व सन्माननीय सदस्यांस,
विधानसभा भवन, नवा रायपूर



२६ जुलै २०२२ रोजी आपल्या सभागृहाने एक ठराव एकमताने मंजूर केला. हसदेव अरण्यातले कोळशाचे सगळे खाणपट्टे केंद्र सरकारने रद्द करावेत, अशी मागणी त्यात आहे. ठराव अशासकीय होता. तो मांडणारे धर्मजीत सिंह त्या वेळी जनता काँग्रेसचे आमदार होते. सत्तेवर काँग्रेस होती आणि समोरच्या बाकांवर भारतीय जनता पक्ष. एरवी एकमेकांचे वाक्य पुरे होऊ न देणारी माणसे त्या दिवशी एका बाजूने बोलली. दूर रायपुरात घेतलेला हा ठराव ऐकून सरगुजातल्या गावांमध्ये लोकांना काय वाटले असेल याची कल्पना आपण करू शकता. त्यांचे म्हणणे बरोबर आहे असे राज्यातल्या सर्वोच्च लोकनियुक्त सभागृहाने लेखी सांगितले होते.

पुढे दोनच महिन्यांनी, सप्टेंबर २०२२ मध्ये, पोलीस बंदोबस्तात परसा पूर्व केते बासन खाणीच्या दुसऱ्या टप्प्यासाठी झाडे पाडली गेली. डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा पाडली गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये परसा पट्ट्यातल्या झाडतोडीच्या वेळी फतेहपूर आणि साल्हीच्या लोकांची पोलिसांशी झटापट झाली आणि दोन्हीकडची माणसे जखमी झाली. पहिल्या खेपेला सरकार काँग्रेसचे होते, नंतरच्या दोन्ही खेपांना भाजपचे. ठराव मात्र आहे तिथेच आहे. मतदान घेऊन तो कोणी फिरवला नाही आणि कोणी पाळलाही नाही.

या ठरावाचे आपण काय करणार आहात, हे विचारण्यासाठी हे पत्र आहे. हसदेवच्या जैवविविधतेवर, तिथल्या पाण्यावर, आदिवासींच्या हक्कांवर जाणकारांनी पुष्कळ लिहिले आहे आणि माझ्यापेक्षा चांगले लिहिले आहे. माझे दुखणे सार्वजनिक जीवनातल्या सचोटीचे आहे. काय बरोबर आहे हे न कळल्यामुळे चुकीचा निर्णय झाला असता तर मी हे पत्र लिहिले नसते. आपल्याला कळले होते. आपण ते बोललात, नोंदवलेत, टाळ्याही घेतल्यात. आणि त्यानंतर जे सोयीचे होते ते होऊ दिलेत.

मी रायपुरातला एक मराठी मतदार आहे. राज्याचा कारभार हिंदीत चालतो आणि हे पत्र हिंदीतही लिहिता आले असते. पण मराठी वाचकालाही या गोष्टीत ओढणे मला आवश्यक वाटते. रायगढ जिल्ह्यातल्या तमनार तालुक्यात गारे पेलमा सेक्टर दोन नावाचा खाणपट्टा आहे. तो महाराष्ट्राच्या महानिर्मिती कंपनीला मिळालेला आहे. जानेवारी २०२४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने त्याची पर्यावरण मंजुरी रद्द केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्राने ती पुन्हा दिली. आणि जून २०२५ मध्ये मुडागावच्या जंगलात गावकऱ्यांचा विरोध असताना झाडे पडली. ती महाराष्ट्राच्या विजेसाठी पडली. त्यामुळे नागपूरच्या किंवा नाशिकच्या वाचकाला ‘हे छत्तीसगढचे, त्यांचे ते बघून घेतील’ असे म्हणून पान उलटता येणार नाही.

मराठीत लिहिण्याचे याहून मोठे कारण म्हणजे माधवराव सप्रे. त्यांच्याबद्दल मला आपल्याशी सविस्तर बोलायचे आहे.

आपल्यापैकी बहुतेकांना सप्रे ठाऊक आहेत. रायपुरात बूढा तालाबाजवळ त्यांच्या नावाची शाळा आहे, तिचा पत्ता या शहरात कोणाला सांगावा लागत नाही. १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातल्या पथरिया गावी मराठी घरात जन्मलेला हा माणूस बिलासपूर आणि रायपूरला शिकला आणि आपली सगळी लेखणी त्याने हिंदीला दिली. सरकारी नोकरीची वाट मोकळी असताना ती धरली नाही. पेंड्र्याच्या राजकुमाराला शिकवण्याचा जो पगार मिळे त्याच्या बळावर जानेवारी १९०० मध्ये त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढले. संपादनात रामराव चिंचोलकर सोबत होते आणि रायपूरचे वामन बळीराम लाखे प्रकाशक होते. ज्या प्रदेशाचे तेव्हा स्वतंत्र राज्य नव्हते, त्याचे नाव तीन मराठी माणसांनी एका हिंदी मासिकाच्या कपाळावर लिहिले. आज आपण ज्या राज्याचे आमदार आहात त्या राज्याच्या जन्माला त्यानंतर शंभर वर्षे लागली.

१३ एप्रिल १९०७ रोजी सप्रे यांनी नागपुरातून ‘हिंदी केसरी’ सुरू केले. टिळकांचा विचार हिंदी मुलखात नेणारे ते पत्र होते. पुढच्या वर्षी, २२ जुलै १९०८ रोजी, मुंबईत टिळकांना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली. ऑगस्टमध्ये सप्रे यांनाही त्याच कलमाखाली, १२४ अ खाली, पकडण्यात आले. बाहेर कुटुंबाची अवस्था बिकट होती. थोरल्या भावाचा आग्रह टोकाला गेला. नोव्हेंबरात सप्रे यांनी माफीनाम्यावर सही केली आणि ते सुटले. टिळक मंडालेच्या तुरुंगात राहिले.

सप्रे यांच्या जयंतीला त्यांच्याविषयी बोलणारे आपण सगळे १९०८ हे वर्ष घाईने ओलांडतो. त्यांचा मान कमी होईल अशी भीती आपल्याला वाटते. मला उलट वाटते. सप्रे यांचे मोठेपण त्या सहीच्या पुढच्या वर्षांत आहे, आणि सही वगळली तर ती वर्षे समजतच नाहीत.

सुटल्यावर त्यांच्याकडे सबबी कमी नव्हत्या. भावाने भरीला घातले असे सांगता आले असते, आणि ते खोटेही नव्हते. बाहेर राहिलो तर कामाला उपयोगी पडेन असे म्हणता आले असते. राजकारणात हे वाक्य आजही रोज ऐकू येते. कायद्याने ते मोकळे झाले होते आणि समजून घेणारी माणसेही भोवती होती. सप्रे यांनी यातली एकही सवलत घेतली नाही. वर्ध्याच्या हनुमानगडावर रामदासी परंपरेतल्या श्रीधर विष्णु परांजपे यांच्या सान्निध्यात ते राहिले, वर्षभराहून अधिक काळ मधुकरी मागून जगले, दासबोधाची पारायणे केली. नागपूर प्रांतात ज्याचे नाव गाजत होते तो संपादक झोळी घेऊन दारोदार उभा राहिला. सार्वजनिक व्यासपीठावरून त्यांनी स्वतःला खाली उतरवले. तसे करा असे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

त्यानंतर ते रायपूरला आले आणि मुलींसाठी जानकीदेवी पाठशाळा काढली. दासबोध हिंदीत आणला. टिळक मंडालेहून परतले, त्यांचे ‘गीतारहस्य’ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी त्याचा हिंदी अनुवाद आला, तो सप्रे यांचा. तुरुंगात राहिलेल्या माणसाने तुरुंगातून सुटण्यासाठी सही केलेल्या माणसाच्या हाती आपला ग्रंथ सोपवला. टिळकांच्या मनात त्या वेळी काय होते याचा तर्क मी करणार नाही. घडले ते एवढे आहे. १९२० मध्ये जबलपूरला ‘कर्मवीर’ उभे करण्यात सप्रे पुढे होते, पण संपादकाच्या खुर्चीत त्यांनी माखनलाल चतुर्वेदींना बसवले. १९२४ मध्ये देहरादूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपुरात त्यांचे निधन झाले. २३ एप्रिल २०२६ ही त्या घटनेची शताब्दी. त्या निमित्ताने सत्कार, स्मरणिका, पुष्पहार हे सगळे होत राहील, आणि त्यात आपल्यातले अनेक जण प्रमुख पाहुणे असतील. म्हणूनच आज सांगतो आहे.

दबावाखाली वाकणे मी अक्षम्य मानत नाही. राज्य चालवणाऱ्याला नको त्या तडजोडी कराव्या लागतात हे मला समजते. पण तडजोड केल्यावर ती तडजोड होती असे म्हणण्याची किंमत असते, आणि सप्रे यांनी ती आयुष्यभर भरली. आपण हसदेवच्या बाबतीत ती एक दिवसही भरलेली नाही.

हसदेवचा हिशेब आपल्यासमोर पुन्हा मांडतो, कारण एकेक कागद वेगळा पाहिला की प्रत्येक ठीक वाटतो.

हसदेव अरण्य कोरबा, सरगुजा आणि सूरजपूर जिल्ह्यांत साधारण १ लाख ७० हजार हेक्टरवर पसरले आहे. २०१० मध्ये केंद्राच्या पर्यावरण आणि कोळसा मंत्रालयांच्या संयुक्त पाहणीनंतर ते ‘नो-गो’, म्हणजे खाणकामाला बंद, ठरले होते. जून २०११ मध्ये वन सल्लागार समितीने परसा पूर्व केते बासन पट्ट्याला नकार दिला. तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी २३ जूनला तो नकार बाजूला सारला. त्यांनी आपली कारणे सही करून लिहून ठेवली, एवढे त्यांच्या बाजूने म्हटलेच पाहिजे. त्यातले एक असे की हा भाग अरण्याच्या कडेला आहे आणि मुख्य जंगलापासून डोंगराने वेगळा झालेला आहे. एकूण १,८९८ हेक्टर वनजमीन गेली. २०१३ मध्ये खाण सुरू झाली. मार्च २०१४ मध्ये हरित लवादाने ती मंजुरी रद्द केली. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने काम चालू ठेवू दिले.

कडेचा म्हणून उघडलेला हा पट्टा पुढे काय करतो ते पाहा. २०२१ मध्ये भारतीय वानिकी संशोधन आणि शिक्षण परिषदेचा अहवाल आला. परसा, केते एक्स्टेन्शन आणि तारा हे शेजारचे पट्टेही विचारात घेता येतील असे त्यात सुचवले होते, कारण त्या बाजूला काम उघडलेले होते किंवा मंजुरीच्या प्रक्रियेत बरेच पुढे गेले होते. म्हणजे कालची सवलत आज पुरावा झाली. त्याच अभ्यासात भारतीय वन्यजीव संस्थेने उलट सल्ला दिला होता: इथे आणखी खाणी नकोत, उरलेले अरण्य ‘नो-गो’च ठेवा. देशातल्या रानटी हत्तींपैकी सुमारे १ टक्का हत्ती छत्तीसगढमध्ये आहेत, पण हत्ती आणि माणसाच्या संघर्षात देशभर मरणाऱ्या माणसांपैकी १५ टक्क्यांहून अधिक इथली आहेत, हे त्या संस्थेने सांगितले. एकाच अभ्यासाच्या दोन भागांतून सरकारांनी कोणता उचलला हे आपल्याला माहीत आहे.

घाटबर्रा गावाचे प्रकरण तर मला कधी विसरता येत नाही. २०१३ मध्ये वनाधिकार कायद्याखाली या गावाला सामुदायिक वनहक्क मिळाले. ८ जानेवारी २०१६ च्या आदेशाने ते काढून घेण्यात आले. गावकरी त्या हक्कांच्या आधारे खाणीचे काम अडवतात, हे कारण त्या आदेशातच नोंदलेले आहे. हक्क वापरला म्हणून हक्क गेला. पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात, पेसा कायदा लागू असलेल्या जिल्ह्यात, ग्रामसभेचे नाव घेऊन शपथा घेणाऱ्या राज्यात हे घडले. त्या वेळी सरकार भाजपचे होते आणि मुख्यमंत्री डॉ. रमण सिंह होते, जे आज आपल्या सभागृहाचे अध्यक्ष आहेत.

आणि काँग्रेसच्या सदस्यांनो, आपले काय झाले? जून २०१५ मध्ये राहुल गांधी मदनपूरला येऊन गावकऱ्यांना साथीचे वचन देऊन गेले. २०१८ मध्ये आपले सरकार आले. ऑक्टोबर २०२१ मध्ये साडेतीनशेच्या आसपास आदिवासी बायका-पुरुष सुमारे ३०० किलोमीटर चालत रायपूरला आले. परसा पट्ट्यासाठी दाखवलेले ग्रामसभांचे ठराव बनावट आहेत, त्यांची चौकशी करा, ही त्यांची मुख्य मागणी होती. राज्यपाल अनुसुईया उइके त्यांना भेटल्या, मुख्यमंत्री भूपेश बघेलही भेटले. ती माणसे घरी परतून आठवडा होतो न होतो तोच, २१ ऑक्टोबरला, केंद्राने परसा पट्ट्याची अंतिम वनमंजुरी दिली. २५ मार्च २०२२ ला राजस्थानचे मुख्यमंत्री अशोक गेहलोत रायपूरला आले, कारण खाण राजस्थानच्या वीजनिर्मिती कंपनीची आहे. त्याच दिवशी परसा पूर्व केते बासनच्या दुसऱ्या टप्प्याला राज्याची परवानगी निघाली. एप्रिलमध्ये परसालाही मिळाली. हरिहरपूरला गावकरी २ मार्चपासून धरणे धरून बसलेलेच होते.

या परवानग्यांनंतर चार महिन्यांनी आपण तो ठराव केलात. मग जुलै २०२३ मध्ये आपल्याच सरकारने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिले की चालू खाणीतला कोळसा सुमारे २० वर्षे पुरेल आणि हसदेवमध्ये नव्या खाणीची गरज नाही. हे जर खरे होते, तर मार्च आणि एप्रिल २०२२ मध्ये सह्या कशाच्या आधारे झाल्या? त्या काळात दोन्ही राज्यांत आपला पक्ष सत्तेत होता आणि एका मुख्यमंत्र्याची अडचण दुसऱ्याला सोडवावी लागली, हे उत्तर सगळ्या रायपूरला माहीत आहे. आपण ते एकदा स्वतःच्या तोंडाने सांगायला हवे होते.

भाजपच्या सदस्यांनो, २०२२ मध्ये आपण विरोधात होतात आणि ठरावाला साथ दिलीत. ३ डिसेंबर २०२३ ला निकाल लागले, १३ डिसेंबरला विष्णुदेव साय यांचा शपथविधी झाला आणि २१ डिसेंबरला मोठ्या बंदोबस्तात झाडतोड सुरू झाली. आंदोलनातल्या लोकांना आधीच ताब्यात घेण्यात आले. आदिवासी मुख्यमंत्र्याच्या कारकिर्दीचा तो दुसरा आठवडा होता. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये विरोधी बाकांवरून हसदेववर स्थगन प्रस्ताव आला आणि सभागृहात गदारोळ झाला. दीड वर्षापूर्वी एकमत असलेल्या विषयावर एकमेकांविरुद्ध घोषणा झाल्या. खुर्च्यांची अदलाबदल झाली, बाकी काही बदलले नव्हते.

ठराव मांडणारे धर्मजीत सिंह आज तखतपूरचे आमदार आहेत, सत्ताधारी पक्षात आहेत. त्यांच्यावर व्यक्तिशः आरोप करण्याचा माझा हेतू नाही. तो ठराव मांडल्याबद्दल मला त्यांचा आदरच वाटतो. म्हणूनच त्यांच्याकडून अपेक्षाही सर्वांत जास्त आहे.

राजस्थानची बाजू खोटी नाही, हेही मला मांडले पाहिजे. छबडा, कालीसिंध, सुरतगढ इथल्या वीजकेंद्रांना याच खाणीचा कोळसा जातो आणि तिथल्या शेतकऱ्याच्या मोटारीला वीज लागते. आपल्या राज्याच्या तिजोरीत कोळशाचे स्वामित्वधन येते आणि त्यातून शाळा-दवाखाने चालतात. खाणीवर नोकऱ्या असलेली, ट्रक चालवणारी, खाण हवी म्हणून मोर्चा काढणारी माणसेही सरगुजात आहेत आणि ती भाड्याने आणलेली आहेत असे मी म्हणणार नाही. गरिबाला नोकरी हवी असते. या सगळ्याचा विचार करून एखादा आमदार प्रामाणिकपणे या निष्कर्षाला येऊ शकतो की हसदेव द्यावे लागेल. मी त्याच्याशी भांडेन, पण त्याला अप्रामाणिक म्हणणार नाही.

असा आमदार मात्र मला दिसत नाही. दिसतात ते सभागृहात अरण्याच्या बाजूने हात वर करणारे आणि बाहेर ‘हा केंद्राचा विषय आहे’, ‘हे मागच्या सरकारने केले’, ‘न्यायालयात आहे’ असे सांगणारे. केंद्र राज्याकडे बोट दाखवते, कारण अखेरची परवानगी राज्य देते. राज्य केंद्राकडे बोट दाखवते, कारण कोळसा केंद्राचा. साल्हीचा माणूस अंबिकापूरला जातो, तिथून रायपूरला येतो, तिथून त्याला दिल्लीकडे पाहायला सांगतात. निर्णय कोणी घेतला हे त्याला कधीच कळत नाही. राज्याच्या अनुसूचित जनजाती आयोगाने २०२४ मध्ये परसाच्या ग्रामसभांच्या ठरावांबद्दल गावकऱ्यांच्या तक्रारीला दुजोरा दिला, त्यानंतरही कोण उत्तर देणार हे ठरलेले नाही.

ऐकूच येणार नाही अशी व्यवस्थाही आपण करून घेतली आहे. बूढा तालाबाजवळचे धरणास्थळ, सप्रे शाळेच्या अगदी जवळचे, वर्षानुवर्षे या राज्यातल्या प्रत्येक नाराज माणसाची हक्काची जागा होते. शिक्षक, अंगणवाडी ताई, शेतकरी, आदिवासी सगळे तिथे बसत आणि शहराला त्यांच्याजवळून जावे लागे. आता ते नवा रायपुरात तूत्याला हलवले आहे. वाहतुकीची अडचण होत होती हे खरे. पण तूत्याला बसलेला माणूस कोणाला दिसत नाही, हेही खरे.

नदीबद्दल एकच सांगतो. हसदेव महानदीला मिळते आणि तिच्यावरच्या बांगो धरणाला मिनीमातांचे नाव आहे. जांजगीर-चांपाची भातशेती त्या पाण्यावर आहे. तिथूनही आपल्यातले काही जण निवडून आलेले आहेत. वरचे रान गेले तर खालच्या पाण्याचे काय, हा प्रश्न त्यांना त्यांचे मतदार आज ना उद्या विचारतील.

‘छत्तीसगढ मित्र’मध्ये १९०१ साली सप्रे यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा छापून आली. हिंदीतल्या अगदी पहिल्या लघुकथांत तिची गणना होते आणि आपल्यापैकी अनेकांनी ती शाळेत वाचली असेल. आपल्या महालाचे आवार वाढवायला निघालेला जमीनदार कायद्याच्या मदतीने एका विधवेची झोपडी घेतो. त्याचे कागद पक्के असतात. त्या झोपडीतली एक टोपली माती मागायला आलेली म्हातारी त्याला ती टोपली उचलू लागायला सांगते, आणि त्याच्याने ती उचलवत नाही. एवढ्या मातीचे ओझे पेलत नाही, तर साऱ्या झोपडीचे जन्मभर कसे पेलणार, हे तिचे विचारणे त्याला लागते आणि तो झोपडी परत करतो. ही कथा पेंड्र्याच्या रानालगत राहणाऱ्या माणसाने लिहिली आहे. हसदेव तिथून फार लांब नाही. जमिनी कशा जातात हे त्याने पाहिले होते. घाटबर्रा, साल्ही, हरिहरपूर, फतेहपूर यांचे कागदही आज पक्के केले जात आहेत. कथेतल्या जमीनदाराला निदान समोर उभी असलेली म्हातारी पाहावी लागली. तुमच्यासमोर तेवढीही कोणी उभी राहू शकत नाही, कारण ती तूत्याला बसलेली आहे.

सभागृह आता नवे आहे. १ नोव्हेंबर २०२५ रोजी, राज्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षी, पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. जुन्या इमारतीतले इतिवृत्त इथेही आपलेच आहे. त्यातला २६ जुलै २०२२ चा ठराव आपण पुढच्या अधिवेशनात पटलावर घ्या.

तो बरोबर होता असे आपल्याला आजही वाटत असेल, तर सरकारला तो पाळायला भाग पाडा. परसाच्या ग्रामसभांची चौकशी पूर्ण होऊन तिचा अहवाल सभागृहासमोर येईपर्यंत एकही झाड पडू देऊ नका आणि केते एक्स्टेन्शनला राज्याची संमती देऊ नका. हे आपल्या अधिकारात आहे. यासाठी दिल्लीची परवानगी लागत नाही.

तो चुकीचा होता, किंवा आता परवडत नाही असे वाटत असेल, तर तेही उघड करा. ठराव मागे घेण्याचा प्रस्ताव आणा. आवाजी मतदान नको, मतविभागणी मागा. कोण कुठल्या बाजूला उभे राहिले याची नावानिशी नोंद होऊ द्या आणि प्रत्येकाने आपले कारण उठून सांगावे. राजस्थानची वीज, तिजोरी, नोकऱ्या, पक्षाचा आदेश, जे असेल ते सांगा. माझ्यासारख्याला ते ऐकून वाईट वाटेल. तरीही आपण सत्य बोललात असे मी म्हणेन, आणि सरगुजातल्या माणसाला आपण नेमके कोणाकडून हरलो हे तरी कळेल.

महाराष्ट्रातल्या वाचकांनो, आपल्या आमदाराला एक पत्र लिहा आणि महानिर्मितीच्या गारे पेलमा खाणीत ग्रामसभांची संमती कशी घेतली गेली हे विधानभवनात विचारायला सांगा. एका लक्षवेधीइतके ते काम आहे.

आणि छत्तीसगढच्या आमदारांनो, ठरावाबद्दल काहीच करायचे नाही असे ठरवलेत, तर सप्रे यांच्या शताब्दीच्या कार्यक्रमांची निमंत्रणे कृपया स्वीकारू नका.

आपला,
रायपूरचा एक मराठी मतदार